छप्पर काय सांगते?

ता. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर आले, आणि त्याच्या तडाख्यात आपले दापोली व मंडणगड हे तालुकेही सापडले. कितीएक घरांची कौले व पत्रे त्या दिवशी उडाले. वादळ आवरणे आपल्या हाती नाही. परंतु वाळवीने पोखरलेला वासा वादळाचीही वाट पाहत नाही. तो पडण्यापूर्वी खुणा देतो. त्या कशा ओळखाव्या व कोणास कळवाव्या, हे आपण या पाठात पाहू.

पहिली गोष्ट ही की, पाहण्यासाठी छपरावर चढू नये. शेवाळलेले कौल पाय निसटवते, आणि सिमेंटचा पत्रा ओझ्याखाली एकाएकी मोडतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा अस्बेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. यास्तव ते फोडू किंवा कापू नयेत.

दुसरी गोष्ट, अंगणात दूर उभे राहून आढ्याची रेषा पाहावी. ती मध्ये खाली झुकली असेल, कौलांची ओळ घसरली असेल, अथवा पत्र्याच्या खिळ्याभोवतीचे भोक गंजून रुंदावले असेल, तर ते लहान समजू नये. आपल्या बुरोंडीसारख्या समुद्रकाठच्या गावी खारा वारा लोखंड लवकर खातो.

तिसरी गोष्ट, भर दुपारी आतून वर पाहावे. उजेडाचे ठिपके, भिंतीवरील पिवळट डाग, वाशावर मातीच्या बारीक नळ्या, जमिनीवर लाकडाचा भुगा, या खुणा होत. वाशाचे टोक जेथे भिंतीवर टेकते, तेथे ओल मुरते. तेथे विशेष लक्ष द्यावे. छप्पर कडकडू लागले किंवा एकाएकी अधिक झुकले, तर सामानाचा मोह न धरिता सर्वांनी बाहेर पडावे.

चौथी गोष्ट कळविण्याची. घर भाड्याचे असल्यास मालकास, शाळेचे असल्यास मुख्याध्यापकांस व ग्रामपंचायतीस लेखी कळवावे; तारीख, जागा व जमिनीवरून काढलेले छायाचित्र द्यावे आणि पोच घ्यावी. वादळाने हानी झाली, तर पंचनाम्यासाठी तलाठ्यास, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्वरित सांगावे. संकटात जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. पत्र्यावर विजेची तार पडली असेल, तर कशासही स्पर्श न करिता १९१२ वर कळवावे.

आपल्या गावांत पुत्र मुंबईस व म्हातारी आई घरी एकटी, असे पुष्कळदा असते. ती गळतीखाली टोप ठेविते, आणि “त्यास उगाच घोर कशाला?” म्हणून गप्प राहते. ही माया खरी, परंतु हे मौन धोक्याचे आहे. शेजाऱ्यांनी मृगापूर्वी तिचे छप्पर पाहावे आणि तिच्या वतीने पुत्रास कळवावे.

प्रश्न : १. छपरावर न चढता कोणत्या खुणा दिसतात? २. लेखी कळवून पोच का घ्यावी? ३. आपल्या आळीत कोणाचे छप्पर पाहणारे कोणी नाही?