“आता सोडून काय उपयोग, सिस्टर?”

अगं, तुझी चेस्ट वॉर्डला बदली झाल्याचं कळलं, तेव्हाच ठरवलं की तुझ्याशी जरा निवांत बोलायचं. नेब्युलायझर, आयसीडीची बाटली, ऑक्सिजनचे फ्लो हे सगळं इनचार्ज सिस्टर शिकवतीलच. मला बोलायचंय ते उशीखालच्या विडीच्या बंडलाबद्दल.

ते बंडल तुला दिसेलच. फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालेले काका खाटेवर बसलेले असतात. उशीखाली बंडल आणि काडेपेटी आहे हे बायकोला माहीत असतं, मुलाला माहीत असतं, वॉर्डातल्या मामांनाही. तरी सगळे कानाडोळा करतात. “आता काय राहिलंय? ओढू दे बिचाऱ्याला.” काकाही तेच म्हणतात, “आता सोडून काय उपयोग, सिस्टर?” यावर मान डोलवून पुढच्या खाटेकडे जाऊ नकोस. उपयोग असतो, आणि चांगला भरघोस असतो.

हे मी मनचं सांगत नाही. मॉस्कोत अशा ५१७ रुग्णांवर कित्येक वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. सगळे ओढणारे, सगळ्यांचा कॅन्सर फार न पसरलेला. निदानानंतर ज्यांनी ओढणं सोडलं त्यांचं आयुर्मान मध्यमानाने ६.६ वर्षं निघालं, न सोडणाऱ्यांचं ४.८. पाच वर्षांनी हयात होते ते सोडणाऱ्यांत शंभरातले ६१ च्या आसपास, न सोडणाऱ्यांत ४९. जवळपास पावणेदोन वर्षांचा फरक आहे गं. एवढ्या काळात लेकीचं बाळंतपण होऊन नातवंड घरभर पळायला लागतं.

असं का होतं तेही समजून घे, म्हणजे काकांना सांगताना अडखळणार नाहीस. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. रेडिएशनचा परिणाम व्हायला गाठीत ऑक्सिजन लागतो, तोच कमी पडतो. ऑपरेशन झालं तर न्यूमोनियाची भीती वाढते, जखम भरायला वेळ लागतो. एर्लोटिनिबसारखी गोळी चालू असेल तर धुरामुळे शरीर ती लवकर संपवतं, मग रक्तात औषध पुरेसं राहत नाही. शिवाय पुढे दुसरा, नवा कॅन्सर होण्याचा धोका असतो तो वेगळाच. यातला कार्बन मोनॉक्साइड मात्र विडी बंद केल्यावर एक-दोन दिवसांतच उतरतो. काकांना ते आवर्जून सांग. फायदा उद्यापासून आहे म्हटलं की माणूस कान देतो.

ज्यांचा आजार खूप पसरलाय त्यांना मात्र वर्षांचे आकडे ऐकवू नकोस, ते आकडे त्यांचे नाहीत. त्यांच्याशी धाप आणि खोकल्याबद्दल बोल. घरी ऑक्सिजन लावायचा असेल तर नातेवाइकांना बाजूला घेऊन स्पष्ट सांग, की नळी नाकात असताना विडी पेटवली तर तोंड भाजेल, घरही पेटेल.

तू म्हणशील, हे डॉक्टर सांगतातच की. सांगतात, पण राउंड पुढे सरकतो. रात्री तीनला झोप न लागलेला माणूस तुझ्याशी बोलतो. नर्सनी तंबाखू सोडायला मदत केली तर काय होतं याचे ४४ अभ्यास २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात तपासले गेले. सोडण्याचं प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. याचा अर्थ शंभरातल्या २९ जणांनी सोडलं असा नाही हं. जिथे एरवी दहा जणांनी सोडलं असतं, तिथे तेरा. ते वरचे तीन तुझ्या बोलण्याने सुटलेले.

आता बोलायचं कसं? “विडी ओढता का?” असं सुनेसमोर विचारलंस तर “छे छे” हेच उत्तर येणार. एकटे असताना विचार, “काका, तंबाखू कुठल्या रूपात घेता? विडी, सिगारेट, मशेरी, मळलेली?” सगळंच विचार, कारण २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के निघाले आणि धूर नसलेला तंबाखू घेणारे २४.४ टक्के. विडी सोडून चुना-तंबाखू मळायला लागलेले खूप भेटतील, त्याला सोडणं म्हणत नाहीत. मग विचार, “सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते?” चूळ भरायच्या आत लागत असेल तर सवय घट्ट आहे, नुसत्या उपदेशाने भागणार नाही. डॉक्टरांना सांगून निकोटिन गमबद्दल विचार. ते साध्या च्युइंग गमसारखं चघळत राहिलं तर मळमळतं. चार-सहा वेळा चावायचं, झणझणलं की गालात धरून ठेवायचं, चव गेली की परत चावायचं. चहा प्यायल्यावर लगेच नाही, पंधरा मिनिटं थांबायचं. हे एकदा त्यांच्याकडून तुझ्यासमोर करून घे.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. काका चिडतील, जेवणाचं ताट ढकलतील. ड्युटी बदलताना “तो कटकट्या पेशंट” म्हणू नकोस, तल्लफेने बेजार झालाय एवढंच सांग. एकेक तल्लफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी दे, व्हरांड्यात एक फेरी मारायला सांग.

आणि एक शब्दही दोषाचा नको. “तुम्हीच ओढवून घेतलंत” हे काकांनी स्वतःला हजारदा ऐकवलेलं असतं. त्याच वॉर्डात आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बायाही भेटतील. कुणी चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेला, कुणाच्या नवऱ्याने खोलीत बसून ओढलेलं, कुणाच्या बाबतीत कारणच सापडत नाही. त्यांच्या कपाळी संशय चिकटवू नकोस.

खाटेशेजारी उभा असलेला मुलगा विसरू नकोस. डबा देऊन तो गेटबाहेरच्या टपरीवर जातो, बापाच्या काळजीने दोन सिगारेटी जास्तच ओढतो. बापाला झालं ते त्याला होण्याआधी थांबवता येतं, आणि ऐकायच्या मनःस्थितीत तो आत्ताच आहे. ओढणं थांबवून दहा वर्षं झाली की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो, हे त्याला सांग. १८००-११-२३५६ हा क्विटलाइनचा फुकट नंबर त्याच्या खिशातल्या पाकिटावरच छापलेला असतो, तो बोट ठेवून दाखव. मराठीत बोलणारे समुपदेशकही मिळतात. आपल्यातल्या कुणा ब्रदरला सुटत नसेल, एखाद्या मावशीची मशेरी सुटत नसेल, तर टोमणे मारण्यापेक्षा त्यांनाही हाच नंबर दे.

डिस्चार्जच्या दिवशी औषधांच्या यादीखाली विडी सोडल्याची तारीख तुझ्या हाताने लिही आणि नंबरही लिही. फॉलोअपला आले की वजन-बीपीच्या आधी तेच विचार. परत सुरू केली असेल तर मुळीच रागावू नकोस. बऱ्याच जणांना पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागतात. जुनी तारीख खोड, पेन त्यांच्या हातात दे आणि म्हण, “काका, नवी तारीख तुम्हीच लिहा.”