दोन हिरव्यांतून एक निवडताना

रंगकाम करणारे कारागीर आणि रंगाचे दुकानदार यांना हा अनुभव नेहमीचा आहे. खोलीला हिरवा रंग द्यायचे ठरते, पण शेडकार्डावरील शेजारच्या दोन छटांपैकी कोणती, यावर काम अडते. ग्राहक घाईने एकीवर बोट ठेवतो. भिंत रंगल्यावर मात्र ‘हा तो रंगच नव्हे’ अशी तक्रार येते. मशीनवर तयार केलेला रंग सहसा परत घेतला जात नाही; शेवटी मजुरीवरून वाद होतो. हा वाद टाळता येतो.

प्रथम कारण समजून घ्यावे. कार्डावरचा तुकडा लहान असतो. चार भिंतींवर तोच रंग एकमेकींवर पडतो व अधिक भडक दिसतो. शिवाय प्रत्येक हिरव्याचा कल पिवळ्याकडे किंवा निळ्याकडे असतो. दोन्ही तुकडे पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवले की हा कल दिसतो. पिवळसर दिव्याखाली हिरवा अधिक पिवळट दिसतो, तर निळसर पांढऱ्या उजेडात थंड वाटतो. म्हणून दुकानातल्या ट्यूबलाइटखाली केलेली निवड घरी फसते.

ग्राहकाला पुढील पद्धत सुचवावी :

१) दोन्ही छटांचे लहान डबे घ्यावेत. दोन फुटी हार्डबोर्डांवर प्रायमर व दोन हात देऊन रात्रभर वाळू द्यावे. इमल्शन वाळल्यावर बहुधा किंचित गडद होते. चुन्याचा रंग उलट फिकट होतो. ओल्या रंगावर निर्णय नको.

२) बोर्ड खिडकीच्या व समोरच्या भिंतीवर, फरशी व पडद्यांजवळ धरून पाहावा. सकाळी, दुपारी आणि रात्री घरच्याच दिव्यात पाहावा.

३) खोली जास्त कोणत्या वेळी वापरली जाते, त्या वेळचा उजेड निर्णायक मानावा. तरीही ठरत नसेल, तर कमी भडक छटा घ्यावी.

४) कंपनी, शेड क्रमांक, मॅट की चमकदार, हे कागदावर लिहून ग्राहकाची सही घ्यावी. एका कंपनीचा क्रमांक दुसऱ्या कंपनीत हुबेहूब उतरेल असे गृहीत धरू नये.

५) लागणारा सर्व रंग एकदमच घ्यावा व बादल्या एकमेकींत मिसळून मगच काम सुरू करावे.

दुकानदारांनीही शिल्लक माल खपवण्यासाठी ‘दोन्ही सारखेच’ असे सांगू नये. भिंत ग्राहकाला रोज पाहायची असते, आणि त्याच्या तक्रारीला तोंड मात्र कारागिराला द्यावे लागते.