क्लाउडमधील पूर्वदर्शन आणि खोटे इशारे

अंधेरीत १९७३ साली सीप्झ स्थापन झाले तेव्हा संगणक खोलीत बसवावा लागे. आता दूरच्या केंद्रातील यंत्रणा भाड्याने घेता येते. यास क्लाउड म्हणतात. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत असे केंद्र उघडले, आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने क्लाउडविषयक धोरण जाहीर केले.

या यंत्रणेची रचना लेखी आराखड्यावरून होते. आराखडा लागू करण्यापूर्वी काय नवे येईल, काय बदलेल, काय नष्ट होईल याची यादी मिळते. तिला पूर्वदर्शन म्हणावे. फेरफार प्रमाणित होण्यापूर्वी चावडीवर नोटीस लागते, तसाच हा प्रकार होय.

परंतु यादीतील पुष्कळ बदल खरे नसतात. आराखड्यात न लिहिलेले मूल्य पुरवठादार स्वतः भरतो. पूर्वदर्शन ते वगळले जाणार असे दाखविते. दुसऱ्या घटकावर अवलंबून असलेले मूल्य आधी कळत नाही, म्हणून तेही बदल ठरते. अशा ओळी नित्य पाहणारा तपासनीस न वाचताच संमती देऊ लागतो, आणि कार्यालयाचा सारा माहितीसाठा पुसणारी ओळ त्यांतूनच निसटते.

यास्तव ठरावीक घटकाचा ठरावीक गुणधर्मच, तोही कारण नोंदवून, गाळावा. त्याहून बरे म्हणजे ते मूल्य आराखड्यातच लिहावे. टेराफॉर्ममध्ये बदल दुर्लक्षिण्याची सूचना दिल्यास त्या गुणधर्मातील हेतुपुरस्सर केलेला बदलही लागू होत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. नष्ट होणे दर्शविणारी ओळ कदापि गाळू नये. पुरवठादार आपली मूल्ये बदलतात. तेव्हा गाळणीचे नियमही वेळोवेळी तपासावे लागतात.