झाडाचा पाला : कोणत्या हंगामात, कोणत्या ढोराला



गाळप संपले की उसाचे वाढे बंद होतात. कुटार, कडबाही चैत्र-वैशाखात तळाला जातो. मग आपण विळा घेऊन झाडाकडे वळतो. परंतु पाला बारा महिने सारखा नसतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ऊन जास्त व पाणी कमी झाले म्हणजे पानात उपद्रवी ऑक्सिजन तयार होऊन पेशींची नासाडी करतो. त्याला आवर घालणारी द्रव्ये झाड स्वतःच बनविते. क जीवनसत्त्व, कॅरोटीन व पॉलिफेनॉल ही त्यांतलीच. त्यांना प्रतिऑक्सिडक म्हणतात. पिंपळाची, आंब्याची कोवळी पालवी तांबूस दिसते तो रंग अँथोसायनिन या पॉलिफेनॉलचा. हरितद्रव्य भरेपर्यंत कोवळ्या पानावर ती जणू छत्रीच.

टॅनिनही पॉलिफेनॉलच. बाभळीचा पाला तुरट लागतो तो यामुळे. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात तेही याच गुणावर, कारण टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते. पुष्कळ झाडांत पान जून होईल तसे टॅनिन वाढते. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या ओक झाडांवर पॉल फीनी यांनी हे १९७० साली दाखविले. वसंतातले कोवळे पान अळ्या खातात. पुढे टॅनिन वाढते आणि पान त्यांना मानवत नाही.

ढोराच्या पोटाचा हिशेबही तसाच. कोरड्या चाऱ्यात टॅनिन शेकडा २ ते ४ असेल तर प्रथिने पहिल्या कप्प्यात वाया न जाता पुढे पोचतात. शेकडा ५-६ च्या वर गेले की ढोर चारा कमी खाते, खाल्लेला नीट पचत नाही. वरून सरकीची ढेप घातली तरी तिचीही प्रथिने अडकतात. म्हणजे आपला पैसा शेणात गेला.

तेव्हा आमचे सांगणे असे :

१. बाभळीचा जून पाला शेळीला चालतो. ती टॅनिन जास्त सोसते. गाय-बैलाला तो एकटा देऊ नये.

२. पाला एकूण चाऱ्याच्या चौथाईपर्यंत ठेवावा व कुटारात मिसळून द्यावा.

३. कापून एक-दोन दिवस सुकविला की तुरटपणा बराच उतरतो.

४. बांधावर शेवगा लावावा. त्याच्या पाल्यात टॅनिन अगदी थोडे. सुकल्यावर सुमारे पाव हिस्सा प्रथिने. साठवायचा तर सावलीत वाळवावा, उन्हात कॅरोटीन उडून जाते.

बहिरमच्या यात्रेपासूनच चाऱ्याचा हिशेब मांडला, तर वैशाखात दावणीला पश्चात्ताप होणार नाही.