पातेल्यातला भात : एका वेळचा खर्च किती?

सोलापूर जिल्ह्यातला मोडनिंब परिसर ज्वारीचा. तांदूळ बाहेरून येतो, म्हणजे भाताला रोख पैसे मोजावे लागतात. पण भाकरीनंतर भात लागतो थोडाच. चार माणसांना पाव किलो तांदूळ पुरतो. त्याचाच हा हिशेब.

तांदूळ : 16 रुपये

कोलम 64 रुपये किलो धरला, तर पाव किलोचे 16 रुपये. तुमच्या दुकानातला आजचा भाव घालून आकडा बदला. रोजच्या आमटी-भाताला कोलम चांगला, मऊ आणि वासाचा हवा तर इंद्रायणी. खिचडीला कणी घेतली तरी चालते, ती स्वस्त पडते. 25 किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या पिशवीवर 5 टक्के जीएसटी असतो. पोत्यातून सुट्ट्या घेतलेल्या तांदळावर नसतो.

रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो आणि अंत्योदय कार्डाला 35 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. ई-पॉसची पावती मागून घ्या. तक्रार असेल तर 1967 वर फोन करा. रेशनच्या तांदळात थोडे वेगळे दिसणारे दाणे आढळले तर ते प्लास्टिकचे समजून निवडू नका. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 घालून ते केलेले असतात. धुताना तरंगले तरी पाण्याबरोबर ओतू नका.

गॅस : 2 ते 3 रुपये

14.2 किलोची टाकी 900 रुपयांना धरली, तर गॅस किलोला 63 रुपये पडतो. मोठा बर्नर पूर्ण आचेवर तासाला दीडशे ग्रॅम जाळतो असे धरू. उघड्या पातेल्यात वीस मिनिटे भात रटरटला तर 50 ग्रॅम, म्हणजे तीन रुपये जातात. दहा मिनिटे मोठी आच आणि दहा मिनिटे झाकून बारीक आच ठेवली तर दोन रुपयांत भागते. रोज एकदा भात होत असेल तर महिन्याला तीसेक रुपये वाचतात.

कसा शिजवायचा

तांदूळ दोनदा धुऊन अर्धा तास भिजवा. जुन्या कोलमला वाटीला अडीच वाट्या पाणी, इंद्रायणीला दोन. नवा असेल तर त्याहून थोडे कमी. झाकण ठेवून आधण आणा, मग निथळलेले तांदूळ आणि मीठ घालून एकदाच ढवळा. उतू जाऊ नये म्हणून झाकण किंचित सरकवून ठेवा. पाणी आटून भातावर बारीक भोके दिसू लागली की झाकण घट्ट बसवून आच बारीक करा. दहा मिनिटांनी गॅस बंद करा आणि आणखी दहा मिनिटे झाकण उघडू नका. शीत दोन बोटांत चेपून पाहा. आत कणी लागली तर पाण्याचा हबका मारून पुन्हा वाफ आणा.

खरी गळती : उरलेला भात

शिजवलेल्यातला पाव हिस्सा टाकला तर चार रुपयांचा तांदूळ गेला. झाकण ठेवून वाचवलेल्या रुपयाच्या हे चौपट! म्हणून तांदूळ रोज वाटीने मोजूनच घ्या.

उरलाच तर दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेर राहिलेल्या भातात ते झपाट्याने वाढतात, आणि त्यांनी सोडलेले विष फोडणी देऊनही जात नाही. वेळेवर फ्रिजमध्ये ठेवलेल्या भाताला दुसऱ्या दिवशी सकाळी शेंगदाणे घालून फोडणी द्या. भात चांगला वाफाळेपर्यंत परता आणि लगेच संपवा.