कुत्र्याने आंब्याचा बाठा गिळला तर...

परळला माझा जनावरांचा दवाखाना आहे. आंब्याचे दिवस आले की एक तक्रार हमखास येते, "डॉक्टर, कुत्र्याने बाठा गिळला!" गेल्या मे महिन्यात गिरगावच्या चाळीतील एका कुटुंबाने असाच कुत्रा आणला. 'शौचावाटे पडेल' म्हणून त्यांनी त्याला एरंडेल पाजून तीन दिवस वाट पाहिली होती. तोवर बाठा आतड्यात घट्ट अडकला होता. शस्त्रक्रियेने कुत्रा वाचला; पण आणखी उशीर झाला असता तर आतडे सडले असते.

बाठा पचत नाही. तो जठरात काही दिवस निमूट पडून राहतो आणि पुढे सरकला की आतड्याची वाट बंद करतो. म्हणून कुत्रा खेळताना दिसला तरी निर्धास्त राहू नये. वारंवार उलट्या, अन्नावरची वासना जाणे, पोटाला हात लावू न देणे, शौचास न होणे ही धोक्याची लक्षणे होत.

मग काय करावे? एरंडेल देऊ नये. मीठपाणी पाजून उलटी करवू नये. मिठाची विषबाधा होते. गिळल्याची वेळ लक्षात ठेवावी, तसाच दुसरा बाठा सोबत घ्यावा आणि लगेच डॉक्टर गाठावा. बाठा जठरात असेपर्यंत तो दुर्बिणीने निघण्याची शक्यता असते. क्ष-किरण चित्रात तो स्पष्ट दिसेलच असे नाही. सोनोग्राफी लागू शकते.

परळला १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तसे आपल्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. त्याचा पत्ता आजच माहीत करून घ्या. आणि आंबे खाऊन झाले की बाठे झाकणाच्या डब्यातच टाका!