लिमाला एकटीनं उतरताना

आम्हा कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीकरांना विमानाचं अप्रूप नाही; उजळाईवाडीचा विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. तरी पेरूची राजधानी लिमा एकटीनं गाठायची म्हणजे लांबचा पल्ला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं. उतरताना डोकं जड झालेलं असतं. म्हणून पहिल्या काही तासांत तिथं जाऊन ठरवायचं असं काही शिल्लक ठेवू नका, एवढं मी कळकळीनं सांगते.

विमानतळ आहे शेजारच्या कायाओमध्ये. बाहेर पडताच टॅक्सीवाल्यांनी घेरलं, एकानं तर माझ्या बॅगेला हातही घातला. मुक्कामाच्या ठिकाणाहून गाडी आधीच सांगून ठेवली होती, म्हणून थेट तिकडं चालत राहता आलं. शक्यतो दिवसाउजेडी पोचणारं तिकीट काढा. पत्ता स्पॅनिशमध्ये कागदावर लिहून घ्या; नुसत्या इंग्रजीवर तिथं भागत नाही.

कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण 17 अंशांवर, लिमा दक्षिणेला 12 अंशांवर. त्यात समुद्रकाठ. कोकणासारखं उकडत असेल असं कुणालाही वाटेल. पण जुलैत तिथं हिवाळा. हम्बोल्ट प्रवाहाचं गार पाणी किनाऱ्यालगत वाहतं, त्यामुळं आभाळ दिवसेंदिवस राखाडी, हवा दमट, धुतलेले कपडे वाळता वाळत नाहीत. एवढं असून पाऊस नाही. ‘गारुआ’ नावाची भुरभुर तेवढी अंगावर येते. घरी आषाढाची झड सोडून गेलेल्या मला ते आभाळ फार परकं वाटलं. छत्री राहू द्या, स्वेटर न्या.

एका बसथांब्यावर मी मोबाइलवर नकाशा बघत होते. शेजारच्या आजींनी माझं मनगट धरून हात खाली दाबला आणि रस्त्याकडं बोट केलं. दोघं बसलेली मोटारसायकल फुटपाथला घासून पुढं गेली. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण समजायचं ते समजलं. मग मी आजूबाजूची माणसं बघू लागले. फोन काढायचा तर ती दुकानात शिरतात, सॅक पाठीवरून पोटावर घेतात. आपणही तेच करावं. अशी काळजी घेणारी माणसं त्या शहरात आहेत, हेही विसरू नका.

नळाचं पाणी पिऊ नका. शाकाहारी असाल तर ‘मटण नको’ एवढ्यावर थांबू नका. कोंबडी नको, मासा नको, हेही स्पष्ट सांगा.

खरी अडचण परतताना येऊ शकते. पेरू पीतज्वराच्या देशांत मोडतो. लसीचा दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, तीही जाण्याआधी किमान 10 दिवस. एकदा घेतली की जन्मभर चालते. ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा.

माचू पिचूला जाणार असाल तर वाटेतलं कुस्को सुमारे 3,400 मीटरवर आहे. लिमाहून विमानानं तासा-दीड तासात तिथं पोचता. समुद्रकाठावरून एकदम एवढ्या विरळ हवेत. निघण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि तिथला पहिला दिवस निव्वळ विश्रांतीसाठी ठेवा.